एकशे अठरा

वासी उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी मतदान ठेवलं.
ही तारीख कोणी काढली, मला विचारू नका.
मकरपुऱ्यात तारांवर अजून पतंग फडफडत होते,
पादऱ्याची, डभोईची माणसं गावाहून परतायची होती.

मतपेटी म्हणजे तेलाचा रिकामा डबा.
शिर्क्यांनी त्याला फट पाडली, कड कानशीने घासून दिली,
म्हणाले, कोणाचं बोट कापायला नको.
बोटं मांज्याने आधीच कापलेली.
पट्ट्या बांधलेल्या बोटांनीच लोक चिठ्ठ्या दुमडत होते.

मी टूलरूमची खिडकी सांभाळते. एकोणीस वर्षं.
पाना हवा, बिल्ला टांगा. ड्रिल हवं, बिल्ला टांगा.
पितळी बिल्ल्याशिवाय साधी कानसही इथून कोणी नेलेली नाही.
म्हणून युनियनने यादी माझ्या हाती दिली:
दोनशे चौदा नावं, दोनशे चौदा चिठ्ठ्या,
तीन वर्षांचा करार, पानं सव्वीस.
रात्रपाळीला अकरा रुपये वाढ,
आणि कलम नऊ, बारीक अक्षरात:
कॅन्टीनच्या ताटाचे पैसे यापुढे ज्याचे त्याने.

कलम नऊ मी खिडकीतून मोठ्याने वाचायची.
हसमुखभाई म्हणाला, "मारा एक वोटथी शुं फरक पडे, बेन?"
आणि बावीस नंबरचा पाना घेऊन गेला.
बिल्ला टांगायला विसरला नाही.
यासीन क्रेनवरूनच ओरडला, उतरतो, उतरतो.
सुट्टीत उतरला, जेवला, परत चढला.
घोरपड्यांचा चष्मा घरी राहिला होता.
उद्या टाकतो म्हणाले.
अहो, उद्या नाही, आजच.
तर हसले. नुसतेच हसले.

दुपारी नरसिंग राठवा आला. कंत्राटी.
बिल्ला नाही, गळ्यात ठेकेदाराचं कार्ड.
चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला.
"आटली बधी वधी छे. एक मने आपो ने."
मी म्हटलं, नियमात बसत नाही.
नियम मी केलेला नाही,
पण सांगितला मीच, आणि जरा घाईनेच.

सातला डबा उघडला.
तळाच्या चिठ्ठ्या तेलाने भिजून पारदर्शक झालेल्या,
न उघडताच कळत होतं कोणत्या बाजूच्या.
एक्कावन्न बाजूने. चव्वेचाळीस विरुद्ध.
एकीवर खूण नाही, फक्त लिहिलेलं: कूलर रिपेर करो.
ती बाद.
शिर्के म्हणाले, मुद्द्याचं बोलली ती तेवढी एकच.

सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, करार प्रचंड बहुमताने मंजूर.
ते फोनवर बोलायला बाहेर गेले
तेव्हा मी तळहाताने "प्रचंड" पुसलं.
आल्यावर त्यांनी पाहिलं असणार. बोलले नाहीत.
सेव-उसळ मागवली होती, ती सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ली.

मग उरलेल्या चिठ्ठ्या मोजल्या. एकशे अठरा.
यादीशी ताडून पाहिल्या तर
न आलेली नावं एकशे सतराच.
पुन्हा मोजल्या, थुंकी लावून, बँकेतल्यासारख्या.
एकशे अठरा.
चहा गार होईपर्यंत एक नाव सापडेना.

बिल्ला एकशे एकोणचाळीस. माझाच.
सकाळी सातपासून डब्याला गुडघा लावून बसले होते,
दोनशे तेरा जणांची वाट बघत.

फरक पडला नसता म्हणा. सात मतांनी गेलं.
फरक पडला नसता, हे ते एकशे सतराही
आपापल्या घरी, उरलेलं उंधियू गरम करताना म्हणत असतील,
आणि प्रत्येकाचं, एकेकट्याचं, अगदी बरोबर असेल.

गठ्ठा बांधायला सुतळी नव्हती.
गेटपाशी तुटलेला मांजा लोंबत होता, तोच गुंडाळला,
गाठ मारताना व्हायचं तेच झालं.
अंगठा तोंडात धरून दिवा मालवायला गेले
तर खिळ्यांच्या रांगेत एक बिल्ला अजून लटकत होता:
हसमुखभाईने बावीस नंबरचा पाना परत केलेला नाही.
उद्या मागेन.
पानाच मागेन आधी.